खाटेवरील रुग्णापलीकडे

सिकलसेलचा रुग्ण असह्य वेदनेने तळमळत रुग्णालयात येतो, तेव्हा त्या वेदना शमविणे हे डॉक्टरांचे कर्तव्य असते. आरोग्यव्यवस्थेच्या धुरीणांनी मात्र आणखी एक प्रश्न विचारावयाचा असतो: हे दुःख समाजात पिढ्यान्‌पिढ्या कशामुळे उत्पन्न होते? दुःख, त्याचे कारण, त्याचा निरोध आणि निरोधाचा मार्ग हा तथागतांनी दाखविलेला क्रम आपणांस परिचित आहे. संपूर्ण लोकसमूहाच्या आरोग्याचा विचारही याच क्रमाने चालतो.

आपण ज्या भूमीत राबतो, त्या बहारीनने हे करून दाखविले आहे. सलमानिया वैद्यकीय संकुलातील आनुवंशिकी विभागाच्या डॉ. शेखा अल-अरायद यांनी या कार्याचा पाया घातला. 1998 पासून शाळांतील विद्यार्थ्यांची रक्ततपासणी सुरू झाली. 2004 मध्ये विवाहपूर्व तपासणी व समुपदेशन कायद्याने अनिवार्य झाले. हा कायदा विवाहास मनाई करीत नाही. निर्णय वधू-वरांचाच राहतो, पण तो जाणतेपणाने घेतला जातो. 1985 च्या सुमारास तपासलेल्या नवजात बालकांत या आजाराचे प्रमाण 2.1 टक्के होते. 2010 पर्यंत ते 0.4 टक्क्यांवर आले.

हा विषय आपल्या घरचाही आहे. विदर्भातील आदिवासींप्रमाणेच बौद्ध समाजातही सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. नागपूरचे संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी आयुष्य वेचले. 2018 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. भारत शासनाने 2023 मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम आरंभिली असून तिचे उद्दिष्टवर्ष 2047 आहे.

वाहक हा रुग्ण नव्हे; तो सर्वसामान्य आयुष्य जगतो. मात्र आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य आजारी असण्याची शक्यता 25 टक्के असते. आखातातील आपले तरुण महिनाभराच्या सुट्टीत गावी जातात आणि स्थळ, साक्षगंध, लग्न सारे त्याच घाईत उरकतात. परिचयपत्रात उंची, वर्ण, पगार असतो. रक्ताचा अहवाल नसतो. वाहक असल्याचे कळल्यास स्थळ मोडेल, या भयाने तो विषय टाळला जातो.

कायदा व प्रयोगशाळा शासन देऊ शकते. ही लाज दूर करणे समाजाचे काम आहे. विहारातील वर्षावासाच्या प्रवचनांत, जयंतीच्या आरोग्य शिबिरांत हा विषय निःसंकोच मांडला जावा. आणि सुट्टीचे तिकीट काढण्यापूर्वी प्रत्येक विवाहेच्छू तरुण-तरुणीने एकदा रक्त तपासून घ्यावे.