एक्मोवरचा मेंदू

डिसेंबर २०१६ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता यांचं हृदय थांबलं आणि चेन्नईच्या रुग्णालयात त्यांना ‘एक्मो’वर ठेवलं, तेव्हा हा शब्द आपल्याकडे बातम्यांतून घरोघरी पोहोचला. पुढे कोविडमध्ये तो नातेवाइकांच्या तोंडी रुळला. हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम बाहेरून करणारं यंत्र, एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्या दिवसांत मेंदूचं काय चाललेलं असतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

आधी रक्ताचा रस्ता पाहू. जांघेतल्या मोठ्या शिरेतून सात-आठ मिलिमीटर जाडीची नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत नेतात. पंप तिथलं काळपट रक्त ओढतो आणि ऑक्सिजनेटरमध्ये ढकलतो. त्यात बारीक पोकळ तंतू असतात. तंतूंच्या आतून ऑक्सिजन वाहतो, बाहेरून रक्त. ऑक्सिजन रक्तात शिरतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो. नुसती फुप्फुसं बिघडली असतील तर हे लालभडक रक्त परत शिरेत सोडतात, हृदयही थकलं असेल तर धमनीत. मोठ्या माणसात मिनिटाला चार-पाच लिटर, म्हणजे निरोगी हृदय फिरवतं साधारण तेवढंच.

पहिली अडचण प्लास्टिकची. परक्या पृष्ठभागाला लागलं की रक्त गोठू पाहतं, आणि धमनीत सोडलेल्या रक्तातून सुटलेली गुठळी मेंदूत अडकली तर पक्षाघात होतो. म्हणून हेपॅरिन देऊन रक्त पातळ ठेवतात. पण पंपाच्या फिरण्याने आणि घर्षणाने प्लेटलेट खर्ची पडत असतात, गोठण्याला मदत करणारी काही प्रथिनंही तुटत असतात. त्यात हेपॅरिनची भर. मग उलटा धोका उभा राहतो: मेंदूत रक्तस्राव. तो झाला तर हेपॅरिन थांबवावं लागतं आणि गुठळीची भीती परत येते. दर काही तासांनी रक्त तपासून डोस थोडा वरखाली करत राहायचं, याला दुसरा मार्ग नाही.

दुसरा धोका कमी बोलला जातो, पण मला तो जास्त शिकवणारा वाटतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या कार्बन डायऑक्साइडच्या इशाऱ्यावर चालतात: तो वाढला की त्या रुंदावतात, घटला की आकसतात. फुप्फुसं निकामी झालेल्या रुग्णात तो अनेक तास, कधी दिवसही, चढलेला असतो आणि वाहिन्या त्याला सरावलेल्या असतात. एक्मो तो मिनिटांत खाली आणू शकतं. तसं केलं तर रिपोर्टवरचा आकडा सुंदर दिसतो, पण मेंदूचा रक्तपुरवठा एकदम घटतो. पहिल्या दिवशी कार्बन डायऑक्साइड झपाट्याने उतरलेल्या रुग्णांत मेंदूच्या गुंतागुंती जास्त आढळल्या आहेत. म्हणून वायूचा प्रवाह, ज्याला आयसीयूत ‘स्वीप’ म्हणतात, मंद सुरू करून हळूहळू वाढवतात. इथे घाई करणारा हुशार नव्हे.

तिसरी गोष्ट जांघेतल्या धमनीत रक्त सोडताना घडते. यंत्राचं रक्त महाधमनीतून खालून वर चढतं, हृदयाचं वरून खाली येतं. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, तसे हे दोन प्रवाह भिडतात. हृदय निपचित असतं तोवर यंत्राचं रक्त मेंदूपर्यंत पोहोचतं. गंमत अशी की हृदय सुधारू लागलं, की संकट सुरू होतं. ते जोराने ढकलू लागतं, भेटीची जागा खाली सरकते, आणि फुप्फुसं अजून आजारीच असतील तर मेंदूला मिळतं ते हृदयाकडून आलेलं, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त. पाय गुलाबी, चेहरा निळसर. पायातून घेतलेला नमुना या वेळी साफ फसवतो. महाधमनीतून पहिली मोठी फांदी उजव्या हाताकडे आणि मेंदूच्या उजव्या बाजूकडे जाते, म्हणून तपासणीचं रक्त उजव्या मनगटातूनच घेतात. ऑक्सिजनमापकाची चिमटीही उजव्याच हाताला.

हे सगळं ओळखणं कठीण, कारण रुग्ण गुंगीत असतो. हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, हे कळायला माणूस जागा तर हवा! म्हणून नर्स ठरावीक वेळाने बाहुल्यांवर प्रकाश टाकून बघतात. एक बाहुली मोठी होऊन हलेनाशी झाली तर धावपळ होते. कपाळावर दोन पट्ट्या चिकटवून प्रकाशकिरणांनी मेंदूतला ऑक्सिजन मोजतात. एकच बाजू घसरली तर त्या बाजूला काहीतरी घडलं असं समजायचं. अंग न हलताही झटके येऊ शकतात, ते ईईजीत दिसतात. संशय आला की सीटी स्कॅन. त्यासाठी पंप, सिलिंडर, यंत्र सांभाळणारा पर्फ्यूजनिस्ट आणि अर्धा डझन माणसं अशी वरात लिफ्टमधून न्यावी लागते. एमआरआय सहसा होत नाही. पंप त्या चुंबकाजवळ नेता येत नाही.

नवजात बाळांत एक सोय आहे: टाळू भरलेली नसते, तिच्यावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की खाटेवरच मेंदू दिसतो. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मात्र मेंदूतल्या रक्तस्रावाच्या भीतीने एक्मोवर घेणंच टाळतात.

मेंदू पूर्ण थांबला की नाही, हे ठरवणंही इथे वेगळं पडतं. एरवी व्हेंटिलेटर सोडवतात, कार्बन डायऑक्साइड चढू देतात आणि छाती हलते का बघतात. एक्मो तो वायू काढतच राहतं. त्यामुळे स्वीप अगदी कमी करून तो मुद्दाम साठू द्यावा लागतो. गुंगीची औषधं उतरली आहेत याची खात्री आधी करायची, कारण ती शरीरात रेंगाळतात, मूत्रपिंडं मंदावली असतील तर आणखीच. अवयवदानासाठीच्या भारतीय नियमांप्रमाणे अशा तपासण्या दोनदा, मध्ये किमान सहा तास ठेवून होतात. तोवर पंप चालूच असतो.