परटिणीचं गाव, सावरीचं बंदर

'पोर्ट ऑफ स्पेन' हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते क्रिकेटमुळे. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजला तिथेच हरवलं आणि सुनील गावसकर आपला पहिला कसोटी सामना खेळले तेही तिथेच. पण मैत्रिणींनो, देश त्रिनिदाद, बोली इंग्रजी, मग राजधानीच्या नावात स्पेन कुठून आला, असा प्रश्न कधी पडलाय का तुम्हाला?

३१ जुलै १४९८ रोजी कोलंबसाला समुद्रातून तीन टेकड्या दिसल्या. ख्रिस्ती त्रयीची आठवण ठेवून त्यानं बेटाला 'त्रिनिदाद' म्हटलं. तिथे आधीपासून माणसं राहत होती, त्यांनी गावांना नावं दिलेली होती, याची त्याला काय पर्वा! राजधानीच्या जागेला मूळ रहिवासी 'कुमुकुरापो' म्हणत, म्हणजे सावरीच्या झाडांची जागा. सावर आपल्या ओळखीचीच. तिचा मऊ कापूस उशीत भरतात ना, तीच. ते लोक जवळजवळ नाहीसे झाले. त्यांच्या शब्दाचा तुकडा मात्र शहराच्या एका भागात 'मुकुरापो' म्हणून टिकला आहे.

पुढे स्पॅनिश लोकांनाही झाडांची दखल घ्यावीच लागली. 'सेद्रोस' म्हणजे देवदार. (वाढले मात्र तिथे नंतर नारळाचे मळे!) 'मॅन्झनिला' म्हणजे चिमुकलं सफरचंद. किती गोड नाव, नाही? पण ज्या झाडावरून ते पडलं असं सांगतात, ते झाड महाविषारी. पावसात त्याच्याखाली आडोशाला उभं राहिलं, तरी पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानं अंगावर फोड येतात. शेजारच्या बार्बाडोस बेटाचं नाव तर 'दाढीवाले' अशा अर्थाचं. ही दाढी म्हणजे तिथल्या एका झाडाच्या लोंबत्या पारंब्या, असं बहुतेक जण मानतात. झाड आपल्या वडाच्याच कुळातलं आहे बरं का! वटपौर्णिमेला सूत गुंडाळणाऱ्या आपल्याला त्या दाढीचं नवल वाटायला नको.

१७८३ मध्ये स्पेनच्या राजानं त्रिनिदाद इतर कॅथलिक वसाहतकारांना खुलं केलं. आसपासच्या बेटांवरून फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह आले. राज्य स्पेनचं आणि बोलणं फ्रेंच! १७९७ मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, पण नकाशावरची फ्रेंच नावं काही पुसली गेली नाहीत. त्यातलं मला सर्वांत आवडतं ते 'ब्लांशिस्यूझ'. उत्तर किनाऱ्यावरचं हे खेडं. अर्थ, परटीण. तिथल्या नदीवर बायका कपडे धूत, म्हणून गावाचं हे नाव. संत, राजे, सेनापती यांच्या गर्दीत धुणं धुणाऱ्या बाईला नकाशावर जागा मिळाली! तिचं स्वतःचं नाव काय होतं, ते विचारून लिहून ठेवावंसं मात्र कुणाला वाटलं नाही.

मग आली आपली माणसं. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४४ हजार हिंदी मजूर करारावर त्रिनिदादला गेले, बहुतेक उसाच्या मळ्यांवर. त्यांतले पुष्कळसे आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, आणि जहाजात चढले ते कलकत्त्याला. त्रिनिदादच्या नकाशावर आज 'कलकत्ता सेटलमेंट' आहे, 'बराकपूर' आहे आणि 'फैजाबाद'सुद्धा आहे. आपल्याकडच्या फैजाबाद जिल्ह्याचं नाव २०१८ मध्ये बदलून अयोध्या झालं. तिकडचं फैजाबाद अजून फैजाबादच आहे.