स्टीम क्लीनर आणि आपल्याकडचे खारे पाणी

ईद आठ-दहा दिवसांवर आली की गाद्या उन्हात पडतात, पडदे उतरतात, सतरंज्या झटकल्या जातात. अलीकडे या आवराआवरीत स्टीम क्लीनरची भर पडली आहे. ओट्यामागचा तेलकट चिकटा, शेगडी, खिडकीच्या जाळ्या साबणाशिवाय निघतात, म्हणून भगिनींना तो आवडतो. पण अकोला-अमरावतीकडे एक तक्रार नेहमीची: पहिल्या ईदला काम झकास, दुसऱ्या ईदला वाफ थकलेली, तिसऱ्या ईदला यंत्र माळ्यावर.

दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागांत पसरला आहे. तिथल्या कित्येक विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांवर जमणारी पांढरी खपली आपण दरवर्षी पाहतो. क्लीनरच्या पोटात तेच घडते. बाहेर जाते ती शुद्ध पाण्याची वाफ. क्षार सगळे आत राहतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, दुसरा स्रोतच नसेल तर, विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला 2000 मिलिग्रॅम आहे. असे पाणी आठवड्यात दोन लिटर वापरले, तर वर्षभरात दोनशे ग्रॅमच्या वर क्षार टाकीत येतात. ओंजळभर झाले की!

हे क्षार दोन जातीचे. ओळखायला सोपी परीक्षा आहे. स्टीलच्या वाटीत पाणी मंद आचेवर आटवा, वाटी गार होऊ द्या आणि उरलेल्या पांढऱ्या डागावर लिंबू पिळा. फसफसले तर चुना आहे. नुसत्या पाण्याने डाग विरघळला तर मीठ आहे. आपल्याकडे बहुधा दोन्ही सापडतात.

मिठावर औषध साधे आहे, पण तेच टाळले जाते. काम संपले की पाणी तसेच ठेवून पुढच्या वेळी त्यावर नवे भरायचे, ही सवय यंत्राला मारते. उरलेले पाणी दरवेळी जास्त खारट होत जाते आणि मीठ धातूला बारीक खड्डे पाडते. ते खड्डे कोणत्याही औषधाने भरत नाहीत. यंत्र पूर्ण गार झाल्यावर टाकी रिकामी करा, चांगल्या पाण्याने दोनदा खळबळून काढा आणि झाकण उघडे ठेवून वाळू द्या. फक्त एवढे पाळले तरी निम्मे बिघाड टळतील, असे माझे मत आहे.

चुन्यासाठी लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानातले सायट्रिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवून टाकीत भरा, अर्धा-पाऊण तास ठेवा, ओता, मग तीन-चार वेळा धुवा. ते टाकीत उकळू नका. गरम पाण्यात चुना आणि लिंबूसत्त्वाचा नवाच चिवट थर बसतो. रात्रभरही ठेवू नका, कारण काही टाक्या ॲल्युमिनियमच्या असतात. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळावी. संडास धुण्याचे ॲसिड मात्र कधीच नको.

पाणी कोणते भरावे? अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचे आणि अकोल्याला काटेपूर्णाचे पाणी येते. बोअरपेक्षा ते बरे. नळ रोज येत नाही म्हणून नेमके बोअरचे पाणी क्लीनरमध्ये जाते, तेव्हा एक बाटली नळाचे पाणी त्यासाठी बाजूला ठेवावे. पहिले दोन-तीन पाऊस सोडून गच्चीवरून गाळून घेतलेले पाणी याहून उत्तम. आरओ यंत्राच्या वाया जाणाऱ्या नळीचे पाणी फरशी पुसायला चालते, क्लीनरला नाही. त्यात क्षार आणखी दाट असतात. सुगंधासाठी गुलाबपाणी, अत्तर किंवा फिनाइलही टाकीत घालू नये.

आता बिघाडाकडे वळू. वाफ मंद असेल तर आधी नोझल पाहा. गार असताना काढून लिंबूसत्त्वात बुडवा आणि भोक टाचणीने मोकळे करा. वाफेबरोबर पाणी गळत असेल तर टाकी जास्त भरली असेल किंवा यंत्र पुरते तापले नसेल. झाकणाभोवती वाफ फुसफुसत असेल तर रबरी वॉशर कडक झाला आहे. नवा घ्यावा, पण त्याच मापाचा. दिवा लागतो पण पाणी तापत नाही, किंवा बटण दाबताच मेन स्विच पडतो, तेव्हा हीटर, थर्मोस्टॅट किंवा फ्यूज गेला असतो. ते काम घरी करू नये. उष्णतेचा फ्यूज काढून थेट तार जोडून देणारे कारागीर असतात. अशी दुरुस्ती घेऊच नका. तो फ्यूज टाकी कोरडी पडल्यावर आग लागू नये म्हणून असतो.

सर्वांत महत्त्वाचे झाकण. बॉयलरच्या क्लीनरमध्ये दाब तीन बारच्या आसपास असू शकतो, म्हणजे आपल्या कुकरच्या सुमारे तिप्पट, आणि आतले पाणी 130 अंशांच्या वर तापलेले असते. पाणी संपले म्हणून घाईत झाकण फिरवले तर ती वाफ थेट हातातोंडावर येते. प्लग काढा, नोझलमधून वाफ पूर्ण सोडा, अर्धा तास थांबा, मगच झाकण हळूहळू सैल करा. फुस्स आवाज आला तर हात थांबवा. तोवर लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

टाकीचा तळच गळू लागला असेल, तर डाग देऊन किंवा चिकटवून भागत नाही. अशा यंत्राची नळी, ब्रश आणि नोझल सांभाळून ठेवा, दुसऱ्या कुणाच्या त्याच बनावटीच्या यंत्राला उपयोगी पडतील. टाकी भंगारवाल्याला द्या.