गेम बॉय नावाचं वाद्य

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ साली बाजारात आणलेला गेम बॉय आज अनेक संगीतकारांचं वाद्य आहे. त्याच्या चिपमध्ये आवाजाचे मार्ग चारच: दोन चौकोनी लहरींचे, एक आपण आकार देऊ शकतो अशा लहरीचा आणि एक नुसत्या खरखरीचा. या खरखरीतूनच तालवाद्यं घडतात. तीन-चार सूर एकत्र हवे असतील तर ते एकाच मार्गावर इतक्या झपाट्याने आलटूनपालटून वाजवतात की कानाला ते एकत्रच ऐकू येतात. या टंचाईतून फुललेली कल्पकता मला फार मोलाची वाटते.

१९९८ मध्ये जर्मनीच्या ऑलिव्हर विटखोव्ह यांनी 'नॅनोलूप' आणि पुढे स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनी 'लिटल साउंड डीजे' हे प्रोग्रॅम लिहिले. त्यांचं कार्ट्रिज गेम बॉयमध्ये खोचलं की बटणांनीच संगीतरचना बांधता येते.

मूळ यंत्रात हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे आवाजात घरघर मिसळते. म्हणून आवाज कमी-जास्त करायच्या चकतीच्या आधीच वायर सोल्डर करून वेगळा जॅक बसवतात. पडद्यामागे दिवाही लावतात, कारण मूळ पडदा अंधाऱ्या मंचावर दिसतच नाही.

घरात जुना गेम बॉय पडून असेल तर तो भंगारात देऊ नका.