जुना ट्रॅक्टर, नवे तण

अमेरिकन शेती म्हटली की मैलोगणती पसरलेले मक्याचे रान आणि त्यावरून फिरणारी राक्षसी यंत्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. त्याच देशातील भाजीपाला पिकविणारा लहान शेतकरी मात्र सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या, जेमतेम दहा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या शोधात गावोगाव हिंडत असतो, हे चित्र सहसा कोणी रंगवीत नाही. अलिस-चामर्स कंपनीचा ‘जी’ ट्रॅक्टर १९४८ ते १९५५ या काळात अलाबामा राज्यातील गॅड्सडेन येथे तयार होत असे. सुमारे तीस हजार नग निघाले आणि उत्पादन थांबले. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ‘कब’ १९४७ मध्ये बाजारात आला आणि १९७९ पर्यंत टिकला. हिशेबाने ही यंत्रे कधीच भंगारात जमा व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात त्यांना आजही गिऱ्हाईक आहे आणि भावही आहे. जुन्या वस्तू जमविणाऱ्या हौशी मंडळींचा वाटा त्यात असेलही. पण शेतकरी हौसेखातर पैसे मोजत नाही. त्याला हे यंत्र हवे असते ते कोळपणीसाठी.

‘जी’ची रचना पाहिली की कारण उमगते. त्याचे इंजिन मागे, चाकांच्याही पलीकडे बसविलेले आहे. चालकाच्या पुढे दोन वाकविलेल्या नळ्या, त्यांच्या टोकाला पुढची चाके, आणि मधल्या मोकळ्या जागेत कोळप्याच्या पासा. पिकाची ओळ थेट चालकाच्या नजरेखाली येते. नेहमीच्या ट्रॅक्टरचे अवजार मागे असते. चालकाने मान वळवून चूक पाहीपर्यंत दहा-वीस रोपे उपटलेली असतात. शिवाय ‘जी’चा सर्वांत संथ वेग ताशी एका मैलाहूनही कमी आहे. पासरोपाच्या बोटभर अंतरावरून न्यावयाची तर ताकदीपेक्षा संथपणा आणि नजर यांनाच किंमत असते. १९३९ च्या ‘फार्मॉल ए’मध्येही हाच विचार होता: इंजिन डावीकडे सरकविलेले आणि चालकाची बैठक उजवीकडे, म्हणजे समोरचे दिसण्यास अडथळा नाही.

हा विचार सुचण्यामागे अर्थशास्त्र होते. हेन्री फोर्डच्या ‘फोर्डसन’ ट्रॅक्टरची किंमत १९२२ मध्ये ३९५ डॉलरपर्यंत उतरली होती. तो नांगरटीला उत्तम. पण उभ्या पिकात घालण्याची सोय नाही. परिणामी शेतकऱ्याने ट्रॅक्टर घेतला तरी कोळपणीसाठी घोडे पाळावे लागत, म्हणजे पेट्रोलियमचा खर्च आणि दाणावैरणीचाही. १९२४ मध्ये आलेल्या ‘फार्मॉल’ने पिकावरून जाण्याइतका उंच सांगाडा देऊन हा दुहेरी खर्च मोडला. घोडा शेतातून गेला तो नांगरटीमुळे नव्हे. कोळपणीमुळे, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही.

मग ही यंत्रे बंद का पडली? दुसऱ्या महायुद्धानंतर ‘टू-फोर-डी’ आले, पन्नाशीच्या दशकाअखेर ॲट्राझिन आले, १९७४ मध्ये ग्लायफोसेट आले आणि १९९६ मध्ये ग्लायफोसेट सोसणारे सोयाबीनचे बियाणेही आले. तणाचा प्रश्न यंत्राकडून रसायनाकडे सोपविला गेला. ट्रॅक्टरच्या कारखानदारांनाही ते सोयीचेच झाले. मोठ्या यंत्रात नफाही मोठा. परंतु तण ही सजीव वस्तू आहे. २००५ च्या सुमारास जॉर्जियातील कापसाच्या शेतांत, माठ-राजगिऱ्याच्या कुळातले एक तण ग्लायफोसेटला दाद देईनासे झाले, आणि त्यानंतर ते कपाशीच्या पट्ट्यात पसरत गेले. सेंद्रिय शेती करणाऱ्यांना तर कृत्रिम तणनाशके नियमानेच वर्ज्य. त्यांच्यापुढे दोनच मार्ग उरतात: माणसाचा हात, नाही तर कोळपे.

हात किती महाग आहे, हे केवळ मजुरीच्या दरावरून कळत नाही. कॅलिफोर्नियात मजुरांना आखूड दांड्याच्या खुरप्याने दिवसभर कंबरेत वाकून काम करावे लागे. पाठीची कायमची दुखापत करणारे ते अवजार १९७५ मध्ये हद्दपार झाले, तेही मजुरांनी न्यायालयात दीर्घ लढा दिल्यावर. महाराष्ट्रात मात्र खुरपे हेच आजही मुख्य अवजार आहे आणि ते बहुतेक बाईच्या हातात आहे. त्या पाठींचा हिशेब कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात नसतो.

महाराष्ट्राला कोळपणी शिकविण्याची गरज नाही. तिफणीच्या फणांतील अंतरावर कोळप्याची, विदर्भात डवऱ्याची, रुंदी ठरते. बैल संथ चालतात आणि मागून चालणाऱ्याची नजर पासेवर असते. ‘जी’ने जे साधले ते येथे लाकूड, लोखंड आणि बैल यांनी केव्हाच साधले होते. पण बैलजोडी वर्षभर पोसणे परवडेनासे झाले आणि दावणी रिकाम्या होत चालल्या. शेजारच्या सौराष्ट्रात मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तेथे कोळपणीची अवजारे जोडली. ‘बुलेट सांती’ या नावाने ती युक्ती प्रसिद्ध झाली. १५ अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टरही मिळू लागले. तरी यंत्र निवडताना पाहिले जाते ते ट्रॉली किती ओढेल हेच. दुसरीकडे, २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी तणनाशक सोसणारे बेकायदा कापूस बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. खुरपणीचा खर्च आणि मजुरांची टंचाई किती जाचक झाली आहे, याचीच ती साक्ष होती. अमेरिकेत जे बियाणे हरू लागले होते, त्याच जातीच्या बियाण्यासाठी हा आग्रह होता, हे मात्र विसरता येत नाही.

यंत्रे भाड्याने देणारी केंद्रे काढा, असा सल्ला यावर दिला जातो. नांगरटीसाठी तो योग्य आहे, कारण नांगरट महिना-दोन महिने पुढेमागे चालते. कोळपणीचे तसे नाही. काळ्या जमिनीत पावसाने उघडीप दिली, वाफसा आला, की दोन-चार दिवसांत काम उरकावे लागते. तोवर तण दोन पानांवर असते, नंतर त्याची मुळे पासेला जुमानत नाहीत. आणि ते दोन-चार दिवस साऱ्या गावाला एकदमच हवे असतात. एक यंत्र दहा शेतकऱ्यांत फिरवायचे तर दहाव्याच्या वाट्याला तणच येणार.

अमेरिकन भाजीवाल्याने ही अडचण ओळखली आहे. तो एक नवा मोठा ट्रॅक्टर घेऊन त्याला अवजारे बदलत बसत नाही; दोन-तीन जुने ‘कब’ किंवा ‘जी’ घेतो आणि प्रत्येकावर एकेक अवजार कायमचे चढवून ठेवतो. एकावर गाजराचे, एकावर कोबीचे. वाफसा आला की चालू करायचे आणि निघायचे. वर्षातील बहुतेक दिवस ती यंत्रे छपरीत उभी असतात. महागडे भांडवल असे निष्क्रिय ठेवणे परवडत नाही. स्वस्त भांडवल ठेवता येते. जुन्या ट्रॅक्टरची खरी किंमत त्याच्या या स्वस्तपणात आहे. उलटल्यास चालकाला वाचविणारी चौकट त्यात नसते, पेट्रोलचे इंजिन कुरकुरते, हे दोष आहेतच. काहींनी इंजिन काढून विजेची मोटर बसविली आहे.

म्हणून महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठांनी आणि यंत्र बनविणाऱ्यांनी विचार करावयाचा तो आणखी मोठ्या ट्रॅक्टरचा नव्हे. अवजार पुढे, नजर ओळीवर, वेग बैलाचा, आणि किंमत इतकी कमी की दहा महिने उभे राहिले तरी हप्त्याची धास्ती नाही, असे यंत्र हवे. बँकांनीही कर्ज देताना ते वर्षातून किती तास चालेल, एवढाच प्रश्न विचारू नये. दोन ओळींमधले तण अशा यंत्राने निघेल. रोपालगतचे खुरप्यानेच काढावे लागेल. म्हणजे खुरपणीची मजुरी संपणार नाही, पण तिचे दिवस घटतील. ज्या घरांत ही मजुरीच पावसाळ्यातील एकमेव रोख उत्पन्न आहे, तेथील बाईला यंत्राची बैठक आणि त्याचे शिक्षण मिळणार की केवळ बुडालेली रोजंदारी, हे यंत्राच्या आराखड्याबरोबरच ठरवावयास हवे.