सत्तर पानांचा पुडा

ग्रेंजटाउनमधल्या आमच्या मुलांच्या शाळेच्या फाटकापाशी दुपारी सव्वातीनला आयांची गर्दी होते. कार्डिफचा पाऊस, बग्ग्या, छत्र्या, आणि पाच-सहा भाषांतली बडबड. तिथेच दोन वर्षांपूर्वी माझी एका सोमाली बाईशी ओळख झाली. बंदरात कोळसा भरायला येणाऱ्या बोटींवरचे खलाशी म्हणून सोमाली माणसं या गावात शंभर-सव्वाशे वर्षांपासून आहेत, पण ही त्यांतली नव्हे. हिचं माहेर केनियाच्या ईशान्य टोकाला, मंडेरा काउंटीत. केनिया, इथिओपिया आणि सोमालिया या तिन्ही देशांच्या सीमा तिथे एकत्र येतात. ती तिथे शिक्षिका होती.

एकदा तिनं विचारलं, "तू कुठं शिकवायचीस?" मी म्हटलं, "महाराष्ट्रात, पण मुंबईपासून फार लांब. जंगलात. तिथंही बंदुका होत्या." हे ऐकल्यावर माणसं एकच प्रश्न विचारतात, "भीती नाही वाटली?" माझ्या सासरच्यांनी तोच विचारला, आपल्या मंडळातल्या मैत्रिणींनीही तोच. हिनं मात्र विचारलं, "मग तिथले लोक खात काय होते?"

उत्तर द्यायच्या आत घंटा झाली आणि मुलं धावत बाहेर आली. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. हा लेख म्हणजे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

आधी तिच्या मंडेराविषयी थोडं. कोरडा मुलूख, उंट आणि शेळ्यांवर जगणारी माणसं, दावा नदीच्या काठानं थोडीफार शेती. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी मंडेराहून नैरोबीला निघालेली बस अल-शबाबच्या लोकांनी अडवली आणि मुसलमान नसलेले २८ प्रवासी वेगळे काढून मारले. त्यांत बरेच शिक्षक होते, सुट्टीसाठी घरी निघालेले. त्यानंतर बाहेरून आलेले शिक्षक तिथे राहायला तयार होईनात, आणि शाळा ओस पडल्या. पुढच्याच वर्षी डिसेंबरात तशीच एक बस अडवली गेली. या वेळी बसमधल्या मुसलमान प्रवाशांनी वेगळं व्हायला नकार दिला. सलाह फराह नावाच्या शिक्षकाला त्यात गोळी लागली आणि जानेवारी २०१६ मध्ये तो गेला. हे सांगताना ती रडली नाही. फक्त म्हणाली, "मास्तर गेला की आधी शाळा बंद होते, मग बाजार, मग गाव."

आता माझा जिल्हा. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या या वेल्सच्या दोन तृतीयांशाहून थोडं जास्तच. वेल्समध्ये एकतीस लाख माणसं राहतात. तिथे २०११ च्या जनगणनेत पावणेअकरा लाखांच्या आत. तीन चतुर्थांशांहून जास्त भाग जंगल. पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला तेलंगणा. रेल्वे स्टेशन म्हणाल तर किती तरी वर्षं एकच, देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा.

लग्नाआधी चार वर्षं मी धानोरा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवत होते. एम.ए. झालेली, नागपुरात वाढलेली मुलगी. पहिल्या आठवड्यात फळ्यावर गणित घातलं, दोन स्टेशनांवरून दोन गाड्या निघाल्या, त्या कुठे भेटतील? वर्ग गप्प. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, गाडी म्हंजे बैलाची?" त्यांच्यापैकी एकानंही रेल्वे पाहिलेली नव्हती. घरी गोंडी बोलणाऱ्या मुलांना आम्ही पुण्याच्या मराठीत आगगाडी शिकवत होतो.

मग मी गणितं बदलली. सत्तर पानांचा एक पुडा. एक हजार पुड्यांची एक गोणी. तर एका गोणीत पानं किती? हात भराभर वर झाले. सत्तर हजार! तेंदूपत्त्याचा हिशोब त्या मुलांच्या बोटांवर होता.

तर लोक खात काय होते? भात. पावसावरचं एकच पीक. जुलैत रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी. बांधीतलं धान बहुतेक घरांना वर्षभर पुरत नाही. उरलेले महिने जंगल पोसतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं. ती पहाटे गळतात, म्हणून अंधारातच घरातले सगळे टोपल्या घेऊन झाडाखाली. त्या दिवसांत माझ्या वर्गातले निम्मे बाक रिकामे असायचे. आधी मी चिडायचे, नंतर कळलं की वाळवलेली मोहफुलं ही पावसाळ्याची शिल्लक आहे. घरात मीठ-तेल संपलं की आठवडी बाजारात त्यातली थोडी विकायची. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि बाहेरच्या माणसाला मोह म्हटलं की दारूच आठवते. पण आमच्या वसतिगृहातल्या मुली मोहफुलं भाजून, कुटून लाडू करायच्या. आपल्या बेसनाच्या लाडवापेक्षा मला तो जास्त आवडायचा.

मोहानंतर तेंदू. मे महिन्यातले जेमतेम दोन-तीन आठवडे, पण वर्षाची रोख कमाई त्यातच. पहाटे पानं तोडायची, दुपारी अंगणात बसून सत्तर-सत्तरचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. फळी म्हणजे संकलनाची मोकळी जागा. तिथे पुडे ओळीनं वाळत घालतात, उलटतात, मग बोदात भरतात. एक वळवाचा पाऊस आला की सगळी मेहनत पाण्यात. आपण ज्याला विडीचं पान म्हणतो, ते त्या घरांचं खत, बियाणं, लग्न आणि दवाखाना असतं.

आणि बंदुका आल्या त्याही याच पानाच्या वाटेनं. १९८० च्या सुमारास गोदावरीपलीकडून नक्षलवादी सिरोंच्याकडे आले, तेव्हा तेंदूचे कंत्राटदार पुड्यामागे काही पैसे टेकवत होते आणि जंगल खात्याच्या माणसासमोर आदिवासी उभाही राहू शकत नव्हता. दादालोकांनी दर वाढवून घेतले. माणसांना ते आपले वाटले, यात नवल नाही. पण पुढे त्याच कंत्राटदारांकडून खंडणी येऊ लागली, तिच्यातून बंदुका, आणि बंदुकीचा धाक गावालाच. १९९० मध्ये पोलिसांनी सी-६० हे दल उभं केलं, त्यातले जवान बहुतेक इथलेच. म्हणजे दोन्हीकडची मुलं एकाच गोटूलात नाचलेली, एकाच शाळेत जेवलेली. लाहेरीला ऑक्टोबर २००९ मध्ये १७ पोलीस मारले गेले. कसनासूरच्या जंगलात एप्रिल २०१८ मध्ये तीसहून अधिक नक्षलवादी. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याच्या भूसुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा खासगी चालक. हे आकडे पेपरात आले. पेपरात न आलेला हिशोब वेगळा होता. जुलैअखेरीस 'शहीद सप्ताह' लागला की एसटी बंद, बाजार बंद. रोवणीच्या दिवसांत खताची गाडी आली नाही तर पीक बसतं. रात्री एक जण जेवण मागायला येतो, सकाळी दुसरा विचारायला येतो, रात्री जेवायला कोण आलं होतं? भात कमी पडायचा तो त्या घरातल्या मुलांना.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. सातवीला मी निबंध दिला होता, 'माझे वडील'. एका मुलानं वहीत फक्त शीर्षक लिहिलं, खाली पान कोरं. मी त्याला सगळ्यांदेखत रागावले, तासभर वर्गाबाहेर उभं केलं. तो काही बोलला नाही. संध्याकाळी स्वयंपाकाच्या मावशींनी मला बाजूला घेतलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांना रात्री घरातून उठवून नेलं होतं. सकाळी ते रस्त्यावर सापडले, अंगावर चिठ्ठी, पोलिसांचा खबऱ्या म्हणून. ते खबरे होते की नव्हते, हे गावात कुणी बोलत नव्हतं. बोलायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याजवळ जाऊन बसले, पण माफी कशी मागायची हे मला सुचलं नाही. मी एवढंच म्हटलं, "तुला हवं त्यावर लिही." त्यानं तेंदूवर लिहिलं. दीड पान. एकही चूक नव्हती.

आमच्या शाळेच्याच तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. तिथे जे घडलं ते मी सहलीला मुलांना नेऊन दाखवायचे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासगट चालवले, ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं होऊ लागले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखात्याचाच लागे. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आपल्या जंगलातला बांबू आपल्या सहीनं विकायचा, एवढी साधी गोष्ट. त्यासाठी या गावानं दोन दशकांहून अधिक काळ कायदा वाचला. बंदुकीनं जे मिळवून देण्याचं वचन दिलं होतं, ते या गावानं बैठकीच्या सतरंजीवर बसून मिळवलं. आज जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत आणि अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. सगळं गोड नाही. कंत्राटदारांनी पैसे थकवल्याच्या तक्रारी आहेत, हिशोब न कळल्यानं फसलेली गावं आहेत. पण वही आता गावाची आहे.

गेल्या दीड-दोन वर्षांत खूप बदललं. १ जानेवारी २०२५ ला अहेरी-गर्देवाडा एसटी सुरू झाली, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा. गेल्या दिवाळीच्या तोंडावर, १५ ऑक्टोबर २०२५ ला, भूपती नावानं ओळखला जाणारा मल्लोजुला वेणुगोपाल राव ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. ही बातमी मी इथे स्वयंपाकघरात चकल्या तळताना ऐकली आणि गॅस बंद करून खाली बसले. मला तो कोरा कागद आठवला.

पण माझ्या आनंदात एक काळजी आहे, आणि ती मी कार्डिफमध्ये राहते म्हणून आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिज आहे. तिथेच ठाकूरदेव आहे, जानेवारीत त्याची यात्रा भरते. तिथून आता ट्रकच्या ट्रक खनिज निघतं, आणि कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहतो आहे. तरुणांना पगार मिळतोय, ते नाकारून चालणार नाही. पण आपण इथे माउंट स्टुअर्ट चौकातल्या कोल एक्स्चेंजची भव्य इमारत पाहतो, तेव्हा त्यामागची खोरी आठवतात. १४ ऑक्टोबर १९१३ ला सेंघेनिडच्या खाणीत ४३९ कामगार एका सकाळी गेले. पैसा बंदराकडे वाहत आला, आणि खाणी मिटल्यावर खोऱ्यांत बेकारी उरली. पोर्ट टॅलबटची टाटांची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ ला थंडावली, तेव्हा आपल्यापैकी काही घरांतही चूल कशी पेटणार हा प्रश्न होता. लोखंडानं पोट भरतं हे खरं. लोखंड संपल्यावर कोणाच्या हातात काय उरतं, हे डोंगर फोडण्याआधी त्या डोंगराखालच्या ग्रामसभेला विचारायला हवं. मोहाचं झाड दरवर्षी फुलतं, डोंगर एकदाच फोडता येतो.

या दिवसांत तिकडे धान कापून होतं आणि मंडई भरायला लागते. दिवसा बैलांचे शंकरपट, रात्रभर झाडीपट्टीची नाटकं. वडशाच्या नाटक कंपन्यांचा हा सुगीचा काळ, शेकडो कलावंतांची आणि वादकांची वर्षाची भाकरी. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलं सांगायची, नाटक पाहून पहाटे जंगलातून घरी परतताना भीती वाटते. आता वाटत नसेल, अशी आशा आहे.

गेल्या मे महिन्यात माझ्या फोनवर एक फोटो आला. नंबर अनोळखी. वहीचं पान, आखलेले रकाने, नाव, पुडे, रक्कम, खाली बेरीज. तो 'माझे वडील' वाला मुलगा. आता पंचविशीचा आहे, त्याच्या गावाच्या ग्रामसभेच्या फळीवर हिशोब लिहितो. खाली एक ओळ होती, "मॅडम, यंदा पाऊस नाही आला. हिशोब बरोबर जुळला." मी ती बेरीज दोनदा तपासली. बरोबर होती. मग त्याला लिहिलं, त्या दिवशी तुला बाहेर उभं केलं, त्याची माफी मागायची राहिली होती. त्याचं उत्तर आलं, "मॅडम, मोहाचे दिवस सोडून कधीपण या."

या दिवाळीत मी शाळेच्या फाटकापाशी माझ्या मंडेराच्या मैत्रिणीला फराळाचा डबा देणार आहे, आणि त्या पानाचा फोटो दाखवणार आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या रकान्यांत आहे.