रुग्णशय्या आणि मंद ध्वनी : ‘डिस्क्रीट म्यूझिक’ची घडण

आजारातून उठणाऱ्या मनुष्यास स्वतःची सुधारणा क्वचितच दिसते. काल आणि आज यांत फरक असा नसतो. महिन्याभराने मागे वळून पाहिले म्हणजे तो जाणवतो. अशा प्रक्रियेस संगीतात रूप द्यावयाचे झाल्यास आरंभ, उत्कर्ष आणि शेवट ही परिचित बांधणी उपयोगी पडत नाही. इंग्रज संगीतकार ब्रायन ईनो यांच्या १९७५ च्या ‘डिस्क्रीट म्यूझिक’ या ध्वनिमुद्रिकेचे महत्त्व या संदर्भात विशेष आहे. परिसरात मिसळून राहणाऱ्या ज्या इलेक्ट्रॉनिक संगीतास पुढे १९७८ मध्ये ईनो यांनीच ‘अँबियंट’ हे नाव दिले, त्याची कल्पना या मुद्रिकेत प्रथम स्पष्ट झाली.

ती कशी सुचली याची हकिकत ईनो यांनी मुद्रिकेसोबतच्या टिपणात दिली आहे. जानेवारी १९७५ मध्ये अपघात होऊन ते अंथरुणास खिळले होते. ज्युडी नायलन या स्नेही त्यांच्या समाचारास आल्या आणि अठराव्या शतकातील हार्पवादनाची एक मुद्रिका देऊन गेल्या. ईनो यांनी ती प्रयासाने लावली. परत आडवे झाल्यावर ध्यानात आले की आवाज अत्यंत मंद आहे आणि दोन ध्वनिवाहिन्यांपैकी एक बंदच आहे. पुन्हा उठण्याचे त्राण नव्हते. वादनातील काही स्वर तेवढे पावसाच्या आवाजातून वर येत राहिले, आणि खोलीतील उजेडाप्रमाणे संगीतही त्या जागेचाच एक भाग होऊन गेले.

कोकणातील वाचकास याचे फारसे स्पष्टीकरण लागू नये. खेडला जगबुडीच्या काठी आषाढात कौलांवर सर कोसळत असता घरातल्या रेडिओवरचे गाणे असेच तुटक येते. पागोळ्यांचा आवाज आणि गायकाचा स्वर यांची फाळणी कान करीत नाही. मात्र नायलन यांनी पुढे या प्रसंगाचा निराळा तपशील सांगितला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आवाज पावसाशी जुळवून मुद्दामच मंद ठेवला होता. त्यात अपघाताने घडलेले काही नव्हते. हा मतभेद क्षुल्लक नव्हे. एका कथनात नवे श्रवण दुर्बलतेतून जन्मते, दुसऱ्यात ते दोघांनी मिळून केलेली निवड ठरते. तथापि दोन्हींत ऐकणारा अंथरुणावर आहे आणि संगीतावर त्याची हुकमत नाही, एवढे समान राहते.

रचनेची यंत्रणा आता पाहावी. ईनो यांनी सिंथेसायझरवर दोन लहान स्वरावली घेतल्या. त्यांची लांबी मुद्दाम असमान ठेवली. समजा, एक सात मात्रांची व दुसरी नऊ मात्रांची असेल, तर दोन्ही पुन्हा एकाच क्षणी सुरू होण्यास त्रेसष्ट मात्रा लागतील. दरम्यान त्यांचा परस्परसंबंध सतत बदलत राहील. हा ध्वनी एका ध्वनिमुद्रकावर फितीत उतरे. तीच फीत काही अंतरावरील दुसऱ्या यंत्रातून जाऊन तो विलंबाने वाजवी, आणि तो ध्वनी पुन्हा पहिल्या यंत्राकडे परते. प्रत्येक फेरीत स्वर किंचित क्षीण व मऊ होई. जुना स्वर एकदम नाहीसा होत नाही. नव्या स्वराखाली त्याची छाया टिकून राहते. रचनाकाराचे काम अधूनमधून ध्वनीचा पोत बदलण्यापुरतेच उरले. सुमारे अर्ध्या तासाची ही रचना मुद्रिकेची एक संपूर्ण बाजू व्यापते.

ती प्रकृतिसुधारणेचे चित्र म्हणून रचलेली नव्हती, हे सांगितले पाहिजे. रॉबर्ट फ्रिप यांच्या गिटारवादनास पार्श्वभूमी म्हणून तिची तयारी झाली होती. तरीही प्रकृतिसुधारणेशी तिचे नाते वरवरचे नाही. क्षणाक्षणास काहीच घडत नाही आणि तरी वीस मिनिटांपूर्वीचे संगीत आता राहिलेले नसते.

या ठिकाणी किराणा घराण्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. या घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ हे मिरजेत जिवावरच्या दुखण्यातून मीरासाहेबांच्या कृपेने उठले व तेथेच स्थायिक झाले, अशी आख्यायिका आहे. १९३७ मध्ये निधन पावल्यावर दर्ग्याच्या परिसरातच त्यांचे दफन झाले, आणि उरुसात तेथे आजही गायक हजेरी लावतात. या घराण्याच्या विलंबित आलापातही घाई नसते. पण तेथे ‘बढत’ असते: एकेक स्वर प्रस्थापित करीत गायक वर चढतो आणि तार षड्जाची वाट श्रोताही पाहतो. ईनो यांच्या रचनेत असा षड्ज नाही. तिच्यात परिवर्तन आहे, आरोहण नाही. बढतीची कल्पना तीस जशीच्या तशी लावता येणार नाही.

ऐतिहासिक दुवा जोडण्याचा मोहही आवरावा. दोन यंत्रांमधून फीत फिरवून विलंब साधण्याची युक्ती अमेरिकन रचनाकार टेरी रायली यांनी १९६३ मध्येच पॅरिसला वापरली होती. रायली हे १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले, म्हणजे युक्ती आधीची आणि शिष्यत्व नंतरचे.

ईनो यांनी २०१३ मध्ये इंग्लंडमधील होव्ह येथील माँटेफिओरी रुग्णालयासाठी ध्वनी व प्रकाश यांची मांडणी केली. तेथील एक खोली रुग्णांना व त्यांच्या आप्तांना शांत बसण्यासाठी होती. अशा ध्वनीने रोग बरा होतो काय, हा प्रश्न वैद्यकाचा आहे. संगीतशास्त्रापुढील प्रश्न वेगळा आहे: ज्या श्रोत्यास पूर्ण लक्ष देण्याची शक्ती नाही, त्याचे अर्धे श्रवण सदोष मानावयाचे, की एक स्वतंत्र श्रवणप्रकार म्हणून त्याची व्याख्या करावयाची?